चुकून धरलेला हात

अल्लाशी मी चाळीस दिवसांचा करार केला होता. तो मी एकटीनंच ठरवलेला, आणि माझ्या बाजूनं तो पुरा पाळलाही होता. पाची वक्तांची नमाज, एकही न चुकवता. त्या बदल्यात मागणं एकच, माझा रंग उजळावा. अगदी गोरी नको, कापडवाल्या शेठच्या मुलींसारखी गव्हाळ झाले तरी चालेल, एवढी सूट मी त्याला देऊन ठेवली होती. एकेचाळिसाव्या सकाळी अम्मा चुलीपाशी असताना मी खांबाला टांगलेला आरसा उतरवला, दारातल्या उजेडात नेला आणि पाहिलं. होते तशीच होते. मी दहा वर्षांची होते तेव्हा. आज सत्तरीला टेकल्यावर त्या कराराचं हसू येतं, पण त्या सकाळी आलं नव्हतं. आरसा जागेवर टांगला आणि मनात म्हटलं, तू ऐकत नाहीस. किंवा ऐकतोस, पण आमच्यासारख्यांचं नाही.

आम्ही मुरूडकडचे सिद्दी. आमचे पूर्वज कधी काळी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून समुद्रानं आले आणि पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहून आमची बोली, आमचं जेवण, आमची भांडणंसुद्धा तिथलीच झाली. रंग आणि केस तेवढे जुने राहिले. गावात त्याचं कुणाला फारसं काही वाटत नसे. समोर पाण्यात किल्ला उभा होता आणि म्हातारी माणसं आम्हाला ‘किल्ल्याचे लोक’ म्हणत. मी काळी आहे हे मला मुरूडमध्ये माहीत होतं, पण ते एखाद्याला आपण डावखुरे आहोत हे माहीत असावं तसं. त्याचं ओझंही असू शकतं, हे मला दुबईत कळलं.

बाबा लाँचवर इंजिन ड्रायव्हर होते. त्या दिवसांत मोठी जहाजं खाडीत शिरत नसत. ती बाहेर समुद्रात नांगर टाकून उभी राहत आणि त्यांचा माल लहान बोटींनी आत आणावा लागे. बाबांचं काम तेच. दुबईच्या खाडीकाठी, देरा नावाच्या वस्तीत, खजुराच्या झावळ्यांचं आमचं दोन खोल्यांचं घर होतं. पाणी गाढवावर लादलेल्या डब्यांतून दारात येई, आणि उन्हाळ्यात तेही तापलेलं असे. आम्ही आलो त्या पहिल्याच उन्हाळ्यात माझा भाऊ जन्मला आणि अकराव्या दिवशी गेला. अम्मा रडली नाही. ती उठली, भात लावला, कपडे धुतले. तेव्हापासून कुराणातले पाठ असलेले सुरे, म्हणजे अध्याय, पुटपुटत ती दिवसभर कामं करी आणि आमच्याशी कामापुरतंच बोले. बाबा समुद्रावर, अम्मा आपल्या पुटपुटण्यात. मग बोलायला मला शाळा हवी होती. नुसतं शिकण्यासाठी नाही, कुणीतरी माझ्याशी बोलावं म्हणून हवी होती.

खाडीपलीकडे एका कापड व्यापाऱ्याच्या माडीवर आपल्याकडच्या काही घरांनी मिळून मुलांचा वर्ग चालवला होता. मास्तर रत्नागिरीकडचे, म्हणून बाबांनी मोठ्या आशेनं मला तिथं घातलं. रोज सकाळी मी होडीनं खाडी ओलांडून जाई. मुरूडला माझी तिसरी झाली होती. हिशेब, शुद्धलेखन, पाढे यांत मी त्या माडीवर कुणाला हार जात नसे. मुलं मला हबशी म्हणत. धक्क्यावर पोती वाहणारे काळे हमाल खिडकीतून दिसत, आणि एखादा मुलगा मला खिडकीशी बोलावून म्हणे, बघ, तुझे मामा आले. मी हसायचे. हसलं की लवकर संपतं, हे मला समजलं होतं.

एके दिवशी शेठाणीनं सगळ्या मुलांना वाळ्याचं सरबत पाठवलं. काचेचे पेले एका ताटात मांडलेले होते. सगळ्यांनी उचलले. मी हात पुढे केला, तर नोकरानं मला थांबवून मागून एक पत्र्याचा मग आणून दिला. त्यात सरबत तेवढंच होतं, कदाचित थोडं जास्तच. मी ते प्यायले. पुढच्या आठवड्यापासून माझी जागा दाराशी, चपलांच्या रांगेजवळ झाली. आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात मास्तर स्वतः आमच्या घरी आले. बाबांनी त्यांना चहा दिला. मास्तर खूप वेळ मुरूडच्या हवेबद्दल बोलले. मग खाली बघत म्हणाले, पोर हुशार आहे, पण शेठच्या घरची मंडळी कुरकुर करतात, वर्ग त्यांच्याच जागेत चालतो, माझा नाइलाज आहे. बाबांनी मान हलवली. मास्तर गेल्यावर बाबांनी त्यांची कपबशी स्वतः विसळून ठेवली. बाबांनी भांडायला हवं होतं असं मला कित्येक वर्षं वाटत राहिलं. आता वाटतं, परक्या मुलखात पोराबाळांना घेऊन राहणारा माणूस किती ठिकाणी भांडणार.

माझा चाळीस दिवसांचा करार त्यानंतरचा. आणि तो मोडल्यावरची गोष्ट सांगायला मला अजून जड जातं. मी नमाज सोडली, पण उघडपणे नाही. अम्माच्या मागं चटईवर उभी राहायचे, वाकायचे, कपाळ टेकायचे, ओठ हलवायचे. आत काहीच नसायचं. कुराण वाचायला मी मुरूडला एका म्हाताऱ्या बींकडे शिकले होते. अरबी अक्षरं धडाधड वाचता येत, पण अर्थ एका ओळीचाही ठाऊक नव्हता, तो कुणी शिकवलाच नव्हता. आता तर मी पाठ असलेलंही म्हणत नव्हते. अम्माच्या पाठीमागं उभं राहून फसवायचं आणि त्या फसवणुकीतही अल्लावर सूड घेतल्याचं समाधान मानायचं, अशी मी झाले होते.

मग एका संध्याकाळी बाबांनी अम्माला सांगितलं, की मुंबईच्या आगबोटीची तुम्हा दोघींची तिकिटं बघतो. इथं पोरीला शाळा नाही, तुलाही हवा मानवली नाही. मुरूडला जाऊन राहा. अम्मानं विचारलं, किती दिवसांसाठी. बाबा म्हणाले, बघू. त्या ‘बघू’चा अर्थ आम्हा दोघींना कळला. बाबा इथं, आम्ही तिथं, आणि मध्ये समुद्र. मुरूडला गेल्यावर मला आजोळी ठेवतील, घरकाम शिकवतील आणि चार वर्षांत लग्न लावतील, हेही मला कळत होतं. माझ्या मोठ्या मामेबहिणींचं तसंच झालं होतं. आगबोट यायला जेमतेम दहा दिवस होते.

त्या दिवसांत मी सकाळी बाबांचा डबा धक्क्यावर पोचवायचे. परतीच्या वाटेवर मुलींची एक अरबी शाळा होती. पांढरी उंच भिंत, आत एक झाड, आणि वर्गांतून मुलींचा एका सुरातला आवाज. ती शाळा तिथल्या अरब मुलींची. तिच्याशी आपला काही संबंध असेल हे आमच्या कुणाच्या डोक्यातही नव्हतं. मी भिंतीच्या सावलीत बसायचे आणि ऐकत राहायचे. शब्द समजत नसत, पण अक्षरं ओळखीची वाटत. अंगात अम्मानं तिथल्याच बाजारच्या छिटाचा शिवलेला पायघोळ झगा, डोक्यावर ओढणी, पायात काही नाही.

आगबोटीला चार दिवस राहिले होते तेव्हाची गोष्ट. मी भिंतीशी बसले होते आणि शाळेचं फाटक उघडून एक बाई बाहेर आली. उंच, धिप्पाड, काळा पायघोळ अबाया खांद्यावर घेतलेली, आणि चेहरा अगदी माझ्या मुरूडच्या फुफूसारखा, बाबांच्या बहिणीसारखा. तोच रंग, तेच रुंद कपाळ. मी बघतच राहिले. तिनं मला पाहिलं, कमरेवर हात ठेवले आणि अरबीत जोरात रागवायला लागली. मला एक अक्षर कळलं नाही. मी मान हलवली, तर तिला वाटलं मी उलट बोलते आहे. तिनं माझं मनगट धरलं, ‘यल्ला, यल्ला’ म्हणत मला फाटकातून आत ओढलं, एका कोठीत नेलं आणि ढिगातून निळा शाळेचा झगा काढून माझ्या अंगावर मापून बघितला. शाळा चुकवून भिंतीमागं बसलेली गावातलीच कुणी तरी पोर म्हणून तिनं मला धरलं होतं. मी परकी असेन असा संशय येण्यासारखं माझ्या चेहऱ्यावर काही नव्हतंच. पाच मिनिटांत मी तो निळा झगा घालून एका वर्गात दुसऱ्या बाकावर बसले होते, आणि माझ्या डाव्या बाजूला माझ्याच रंगाची एक मुलगी पेन्सिलीला टोक काढत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, जरा सरकली आणि मला जागा करून दिली. दुबईत आल्यापासून कुणी आपणहून मला जागा करून दिली ती पहिल्यांदा.

वर्गावरच्या बाई फलस्तीनमधून, म्हणजे पॅलेस्टाइनमधून, आलेल्या होत्या. स्वतःचं गाव सुटलेल्या, हे मला फार पुढं कळलं. मुली त्यांना अब्ला म्हणत. त्यांनी माझं नाव विचारलं, मी सांगितलं. पुढं काही विचारलं, ते मला कळलं नाही. मग त्यांनी पुस्तक पुढं केलं. मी वाचायला लागले आणि वाचतच गेले. झेर-झबरच्या खुणा सांभाळून, बींनी शिकवल्याप्रमाणे लांबवत, थांबत, एक अख्खं पान. ते पान कोंबडीबद्दल होतं असं नंतर समजलं. मी ते कुराणाच्या सुरात वाचलं. मुली हसल्या. अब्ला हसल्या नाहीत. त्यांनी पानावरच्या कोंबडीच्या चित्रावर बोट ठेवून मला खुणेनं विचारलं, हे काय. मला सांगता आलं नाही. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की या मुलीला सगळं वाचता येतं आणि काहीच कळत नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांना बोलावणं गेलं. बाबा धुतलेला सदरा घालून आले. चेहरा असा, की मुलीनं काही गुन्हा केलाय आणि आपण माफी मागायला निघालोय. मुख्याध्यापिकेला तिथं मुदीरा म्हणत. बाबांना धक्क्यावरची मोडकी अरबी येत होती. आम्ही हिंदहून आलोय, पोर चुकून आत आली, तीन दिवसांनी आम्ही तिला परत पाठवतोय, असं त्यांनी सांगितलं आणि माझा निळा झगा घडी करून टेबलावर ठेवला. मुदीरा विचारात पडल्या. ही शाळा इथल्या मुलींसाठी, जागा मोजक्या, बाहेरच्या मुलीला घ्यायचं तर कुणी तरी जबाबदारी घ्यायला हवी. त्यांनी दाराकडे पाहून विचारलं, ही मुलगी नक्की कुणाची?

दारात ती कालची बाई उभी होती. तिचं नाव उम्म जुमा. ती शाळेची शिपाईण होती. मला वाटलं, आता ती आपली चूक झाली म्हणेल. ती आत आली, टेबलावरचा झगा उचलला, झटकला आणि म्हणाली,

“मिन्ना व फीना.”

बाबांनी ते मला नंतर समजावलं. आमच्यातलीच आहे, असा त्याचा अर्थ. तिनं एवढंच म्हटलं असतं तरी पुष्कळ होतं. पण मुदीरा तिच्याकडे रोखून बघत होत्या, तेव्हा ती पुढं म्हणाली, की माझ्या आजीलाही समुद्रानंच आणलं होतं, तिला कुणी विचारलं नव्हतं कुठून आलीस म्हणून. हिला तरी का विचारायचं. हिची जबाबदारी माझी. मुदीरांनी नोंदवही उघडली आणि बाबांना माझं पूर्ण नाव सांगायला सांगितलं.

बाबांनी आमची तिकिटं परत केली. त्या दिवशी घरी आल्यावर ते अम्माला नुसतं एवढंच म्हणाले, राहा इथंच. आणि मग बाहेर जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले.

इथं गोष्ट संपली असती तर बरं, पण तसं होत नसतं. त्या शाळेतही सगळं गोड नव्हतं. मोठ्या घरच्या एका मुलीनं माझ्या शेजारी बसायला नकार दिला, आणि त्याच कारणानं ती मौजापाशीही, म्हणजे पहिल्या दिवशी मला जागा करून देणाऱ्या मुलीपाशीही, बसत नसे. फरक एवढाच होता, की मौजाला त्याची लाज वाटत नव्हती. ती म्हणे, ती बसत नाही ते बरं, बाक मोठा मिळतो. अब्लांनी महिनाभरानं सगळ्या वर्गाच्या जागा बदलल्या आणि त्या मुलीला आमच्या दोघींच्या मध्ये बसवलं. पहिले काही दिवस ती अंग चोरून बसली. पुढं तिला गणित येईना आणि मला अरबी येईना, तेव्हा आमचा व्यवहार सुरू झाला. श्रुतलेखनात मला पहिले चार महिने शून्य मिळालं. उम्म जुमा मधल्या सुट्टीत मला कोठीत बसवून खजूर द्यायची आणि दिसेल त्या वस्तूचं नाव म्हणून घ्यायची. झाडू, बादली, कुलूप, दार, वारा. तिला स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं. माझी अरबी तिच्या कोठीत उभी राहिली.

आणि तरीही, खरं सांगायचं तर, मी अजून अम्माच्या मागं नुसते ओठच हलवत होते. शाळा मिळाली ती उम्म जुमामुळे, असं मी म्हणत होते. अल्लाकडे मी रंग मागितला होता, तो त्यानं दिला नव्हता; माझा रुसवा कायम होता. त्याच रंगामुळे मला त्या फाटकातून आत नेलं गेलं, हे डोळ्यांसमोर असून मला दिसत नव्हतं.

हिवाळा लागला. एका शुक्रवारी शाळेला सुट्टी होती, ऊन वर चढत होतं. अम्मा अंगणात पाटावर बसून मासळीचे खवले काढत होती आणि मी शेजारी धडा पाठ करत होते. धडा एका मुलाचा, त्याचे वडील समुद्रावर निघालेत आणि घरचे किनाऱ्यावर उभं राहून त्यांना निरोप देतात. निरोप देणे, सोडून जाणे, याला शब्द होता ‘वद्दअ’. मी तो पुन्हा पुन्हा म्हणत होते. अम्मा तिच्या सवयीनं पुटपुटत होती. सकाळच्या चढत्या उन्हाच्या नावानं सुरू होणारा तो छोटा सुरा, जो आमच्याकडे पोरासोरांनाही पाठ असतो. मीही तो शेकडो वेळा म्हटला होता. आणि एकाएकी तिच्या तोंडून मला माझ्या धड्यातला शब्द ऐकू आला.

मी म्हटलं, “अम्मा, थांब. ते परत म्हण.”

तिनं परत म्हटलं. या वेळी मागचा शब्दही कळला, पुढचाही कळला. माझ्या अंगावर काटा आला. मी तिला सांगितलं, की यात अल्ला आपल्या लाडक्या नबींना धीर देतोय. त्यांना वाटत होतं अल्लानं आपल्याला टाकलं, आणि तो सांगतोय, की त्यानं टाकलेलं नाही आणि तो रुसलेलाही नाही.

अम्माचा सुरी धरलेला हात थांबला.

“असंच लिवलंय त्यात? तू तुझ्या मनचं नाय ना सांगत?”

“नाही अम्मा. असंच आहे.”

तिनं सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, “तुझ्या भावाच्या उशाशी हाच म्हणत होते मी. अकरा दिवस. काय म्हणतेय ते मला ठाऊकच नव्हतं.”

हात मासळीचे होते म्हणून तिनं मनगटानं डोळे झाकले आणि ती रडली. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा. मी तिला धरून बसले आणि मीही रडले, पण माझं रडणं वेगळं होतं. तो रुसलेला नाही, हे मी अम्माला सांगत होते; रुसून बसले होते ती मी. ज्यानं मला टाकलं असं मी वर्षभर म्हणत होते, त्यानं मला हाताला धरून, भिंतीच्या आत नेऊन, एकेक अक्षर शिकवून या अंगणात आणून बसवलं होतं, आणि त्यातलं काहीच मी मागितलेलं नव्हतं. त्या दुपारी जोहरच्या नमाजेला मी अम्माच्या मागं नाही, तिच्या शेजारी उभी राहिले. कपाळ टेकल्यावर मागायला काही सुचलं नाही. तशीच राहिले.

पुढं मी त्याच शाळेतून शिकले, आणि मोठी झाल्यावर दुसऱ्या गावच्या शाळेत तीस वर्षं अरबी शिकवली. माझ्या वर्गात समुद्राच्या सगळ्या किनाऱ्यांवरच्या मुली बसल्या. उम्म जुमा मी वीस वर्षांची असताना गेली. तिच्या मयताला अम्मानं तिला न्हाऊ घालायला हात लावला, घरच्या बाईसारखा. माझ्या आयुष्यात चमत्कार झाला का, असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. एका बाईनं एका मुलीला चुकून दुसरीच कुणी समजून हाताला धरलं, एवढंच झालं. पण तो हात मी सोडवून घेतला नाही, याचं श्रेयही माझं नाही. मला तेव्हा नको म्हणण्यापुरतीही अरबी येत नव्हती. कधी कधी वाटतं, अल्लाच्या हाती स्वतःला सोपवायचं म्हणजे काय, हे मला त्या दिवसाइतकं नंतर कधीच साधलं नाही.

त्या शुक्रवारी डोळे कोरडे झाल्यावर अम्मानं पुन्हा सुरी उचलली आणि म्हणाली, पुढं काय लिवलंय ते सांग. पुढचे शब्द मला येत नव्हते. मी म्हटलं, उद्या अब्लांना विचारून येते. अम्मा म्हणाली, “ये विचारून. मी थांबते.”